तेवीस सर्टिफिकेटे आणि न पाठवलेला एक ईमेल

विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात सेमिस्टरच्या मध्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते. "कॅम्पसवर रोज काही ना काही चालू असते. अभ्यासकौशल्यांची कार्यशाळा, करिअर मेळावा, ताण-व्यवस्थापनाचे सत्र, माजी विद्यार्थ्यांशी संवाद. नाही गेलो तर मागे पडेन अशी धास्ती वाटते आणि गेलो तरी पुढे सरकल्यासारखे वाटत नाही." या तक्रारीचा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात येतो आणि त्यावर वेळेच्या नियोजनाचा सल्लाही चटकन दिला जातो. दुसऱ्या भागाकडे फारसे कोणी वळत नाही. मीही बरीच वर्षे वळले नव्हते. ज्या विद्यार्थ्यामुळे वळावे लागले त्याची ही हकिगत आहे. त्याची ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

तो पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होता. ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी आला आणि खुर्चीत टेकण्याआधीच त्याने एक जाडजूड फाइल टेबलावर ठेवली. पारदर्शक पाकिटांमध्ये एकेक सर्टिफिकेट नीट सरकवलेले होते, तारखेच्या क्रमाने. त्या एका सेमिस्टरमधली २३. त्यांतल्या एकावर आडनावाचे स्पेलिंग चुकले होते आणि ते दुरुस्त करून घेण्यासाठी आपण तीन फेऱ्या कशा मारल्या, हे त्याने मला बरेच तपशीलवार सांगितले. मग फाइल मिटून म्हणाला, "मॅडम, मी एवढे सगळे करतोय, तरी रात्री झोप लागत नाही. माझे नेमके काय चुकतेय?"

पहिल्या भेटीत विचारायचे ते सगळे मी विचारले. झोप, भूक, लक्ष लागणे, मित्रांमध्ये मिसळणे, आणि जीव नकोसा होण्याचे विचार येतात का, हेही थेट. (असे विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, उलट बोलायला वाट मिळते.) तसे विचार नव्हते. भूक ठीक होती. झोप फक्त कॅम्पसवर असताना उडत होती, सुट्टीत घरी गेला की लागत होती. तेव्हा हा परीक्षेच्या आणि नोकरीच्या चिंतेतून आलेला नेहमीचा ताण आहे, असे मी मनाशी ठरवले आणि पुढच्या आठवड्यात होणाऱ्या आमच्याच केंद्राच्या ताण-व्यवस्थापनाच्या सत्राला येण्यास त्याला सुचवले. त्याने तत्काळ डायरी काढली, हिरव्या शाईचे पेन शोधले आणि नोंद केली. करिअरसाठी निळी शाई, अभ्यासासाठी काळी, मनःस्वास्थ्यासाठी हिरवी, अशी त्याची पद्धत होती. भेट चांगली झाली असे त्या दिवशी मला वाटले. प्रत्यक्षात मी त्याला चोविसावे सर्टिफिकेट मिळवून देण्याची सोय केली होती.

सत्राच्या दिवशी हजेरीचा कागद घेऊन मी दाराजवळ बसले होते, म्हणून मला ते दिसले. तो वेळेवर आला, सही केली, शेवटच्या रांगेत कडेची खुर्ची धरली आणि भरपूर टिपणे घेतली. प्रशिक्षकांनी "आता शेजाऱ्याबरोबर जोडी करा" असे म्हणताच त्याने फोन कानाला लावला आणि तो बाहेर पडला. फोन वाजलेला नव्हता.

पुढच्या भेटीत मी त्याला एक कोरा कागद दिला आणि तीन रकाने आखायला सांगितले. पहिल्यात कार्यक्रमाचे नाव, दुसऱ्यात तिथून काय घेऊन आलास, तिसऱ्यात त्याचे पुढे काय केलेस. पहिला रकाना त्याने आठवणीतून झरझर भरला. दुसऱ्यात "माहिती", "प्रेरणा", "माहिती", "नेटवर्किंग" असे शब्द उतरत गेले. तिसऱ्या रकान्यात रेझ्युमेच्या कार्यशाळेपुढे "फॉन्ट बदलला" एवढेच लिहिलेले होते. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला आणि मग थोडा चिडून म्हणाला, "पण मॅडम, मी गेलो होतो ना."

या "गेलो होतो" मध्येच गोम आहे आणि ती एकट्या विद्यार्थ्याची नाही. आम्ही आयोजकही कार्यक्रमाचे यश हजेरीच्या आकड्यावरच मोजतो. विद्यार्थी शिक्षणात किती गुंततो याविषयी अमेरिकी शिक्षणसंशोधक अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ मध्ये जी मांडणी केली, ती उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात आजही आधाराला घेतली जाते. विद्यार्थी एखाद्या गोष्टीत शरीराची आणि मनाची किती शक्ती घालतो, यावर त्याचे शिकणे अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे होते. खुर्चीत बसलेला विद्यार्थी आणि गुंतलेला विद्यार्थी यांच्या हजेरीच्या सह्या मात्र अगदी सारख्याच दिसतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोगही मी त्याला सांगितला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो एका बैठकीत वाचून नंतर न पाहता आठवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवत होता आणि वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के. तरीही आपल्याला हे चांगले लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक वाटली होती. सभागृहातून बाहेर पडताना जे भरून आल्यासारखे वाटते, ते याच जातीचे असते.

त्याला हे पटले, पण पटण्याने झोप येत नाही. म्हणून मी वेगळ्या बाजूने विचारले. "या २३ कार्यक्रमांना तू गेला नसतास, तर त्या वेळात काय करत बसला असतास?"

उत्तर यायला बराच वेळ लागला. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा त्याने सहा आठवड्यांपूर्वी द्यायचा होता. अर्धा लिहून झाला होता आणि तो अर्धा आपल्यालाच आवडलेला नाही, असे त्याला वाटत होते. गाइड सरांचा "मसुदा कधी देतोस?" असा एका ओळीचा ईमेल आला होता. त्याला उत्तर द्यायचे राहिले, मग उत्तर द्यायला उशीर झाला याचीच लाज वाटू लागली, आणि नंतर विभागाच्या ज्या जिन्यात सर भेटण्याची शक्यता असे तो जिनाच त्याने सोडला. डायरी पुन्हा उघडून आम्ही तारखा लावून पाहिल्या. २३ पैकी १७ कार्यक्रम त्या ईमेलनंतरचे होते.

टाळाटाळीला आपण आळस म्हणतो, पण माझ्या समोर येणारी बहुतेक टाळाटाळ आळशी माणसांची नसते. काम समोर आले की पोटात गोळा येतो, कामापासून दूर सरकले की तो विरघळतो, आणि ही क्षणभराची सुटका इतकी गोड असते की मन पुढच्या वेळी तोच रस्ता आणखी लवकर पकडते. मोबाइल पाहत बसणाऱ्याला निदान अपराधी तरी वाटते. त्या टोचणीमुळे तो कधीतरी उठतो. कार्यशाळेत बसणाऱ्याला तेही वाटत नाही. घरचे कौतुक करतात, मित्र "किती ॲक्टिव्ह आहेस" म्हणतात, वर सर्टिफिकेट मिळते. लपण्यासाठी इतकी प्रतिष्ठित जागा कॅम्पसवर दुसरी नाही. दिवसभर कोणी विचारत नाही. फक्त रात्री दिवा मालवल्यावर तो ईमेल आठवतो. सुट्टीत घरी झोप का लागत होती, याचा उलगडा मला तेव्हा झाला. तिथे तो जिना नव्हता.

त्या तासाची शेवटची वीस मिनिटे आम्ही एकच काम केले. त्याने फोनवर ईमेल लिहायला घेतला. पहिला मसुदा चांगला लांबलचक झाला: तब्येत, नेटवर्क, करिअर मेळाव्याची धावपळ, मनःपूर्वक क्षमा. मी विचारले, "यातले सरांना हवे असलेले वाक्य कोणते?" त्याने सगळे पुसले. दुसऱ्यांदा लिहिले, पुन्हा पुसले. तिसऱ्यांदा उरले ते असे: "सर, प्रकरण अर्धे लिहून झाले आहे आणि मी अडकलो आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, याबद्दल माफ करा. आहे तेवढे घेऊन या आठवड्यात भेटायला येऊ का?" पाठवण्याच्या बटणावर अंगठा ठेवून तो थांबला, फोन टेबलावर उपडा ठेवला, पाण्याचा घोट घेतला, फोन पुन्हा उचलला. मी काही बोलले नाही. समुपदेशकाला न बोलता बसण्याची सवय असते, पण ती दोन मिनिटे मलाही लांब वाटली. उत्तर संध्याकाळी आले: "मंगळवारी चार वाजता ये."

सर रागावले होते, हे त्याने नंतर सांगितले. प्रकरण पूर्ण व्हायला आणखी पाच आठवडे लागले. झोप मात्र त्याआधीच पुष्कळशी सुधारली होती.

यावरून कार्यक्रमांना जाऊच नये असा अर्थ त्याने काढला आणि एकदम सगळ्यांवर फुली मारली, तेव्हा मला पुन्हा मध्ये पडावे लागले. आम्ही एकच अट ठरवली. जाण्यापूर्वी डायरीत त्या कार्यक्रमाला विचारायचा एक प्रश्न लिहायचा. प्रश्न सुचला नाही तर जायचे नाही. गेल्यावर दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत त्या उत्तराचे काहीतरी करायचे, मग ते कितीही किरकोळ असो. या अटीपुढे पुढच्या यादीतले बरेचसे कार्यक्रम आपोआप गळले.

करिअर मेळावा टिकला, आणि तिथे अडचण दुसरी होती. प्रश्न तयार होता, पण अनोळखी माणसापुढे तो विचारताना आपली फजिती होईल आणि सगळे पाहतील, ही भीती होती. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग अशा वेळी मला फार उपयोगी पडतो. विद्यार्थ्याला ओशाळवाणे वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांनी भरलेल्या खोलीत जायला सांगितले. तिथल्या जवळपास निम्म्या जणांना तो दिसला असेल, असा टी-शर्टवाल्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे चौथाई जणांच्याच ते लक्षात आले होते. अनोळखी माणसाशी बोलण्याचे मोलही आपण कमीच धरतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिले, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या ज्यांचा त्याने अभ्यास केला त्यांतल्या फार थोड्यांना ती वरचेवर भेटणाऱ्या जवळच्या माणसाकडून कळली होती. बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली होती. जवळच्यांना आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते, हे त्याचे साधे कारण. मेळाव्यातून पाच मिनिटांची एक खरी ओळख घेऊन आला तरी पुरे, असे मी त्याला सांगितले. त्याने एकाच टेबलावर एकच प्रश्न विचारला. त्या कंपनीत त्याच्या विषयाची जागा नव्हती, पण टेबलावरच्या बाईंनी कोणते सॉफ्टवेअर शिकून घे ते सांगितले आणि त्याने ते दुसऱ्या दिवशी डाउनलोड करून घेतले. तिसऱ्या रकान्यातली ती पहिली खरी नोंद होती.

मनःस्वास्थ्याच्या कार्यक्रमांविषयी मी स्वतःच आयोजक असल्यामुळे जरा स्पष्ट बोलायला हवे. तासाभराच्या सत्रात ओळख होते, संकोच कमी होतो, केंद्राचे दार कुठे आहे ते कळते. यापलीकडे फार काही होत नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला सजगतेचा (माइंडफुलनेसचा) जो कार्यक्रम जगभर गेला, तो आठ आठवड्यांचा आहे आणि त्यात रोज घरी सराव करावा लागतो. त्यातला एखादा श्वासाचा व्यायाम एकदा करून ताण गेला नाही, म्हणून स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. आणि उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा जगू नये असे मनात येत असेल, तर सत्राच्या तारखेची वाट न पाहता समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना एकट्याने भेटावे, आणि शेवटच्या बाबतीत तर त्याच दिवशी.

जे विद्यार्थी कुठेच जात नाहीत त्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांनाही पहिला प्रश्न मी तोच विचारते: त्या वेळात काय करतोस? वाचन, झोप, खेळ, एखादे अर्धवेळ काम असे उत्तर आले, तर बहुधा काळजी करण्यासारखे काही नसते.

पुढच्या सेमिस्टरमध्ये ताण-व्यवस्थापनाच्या सत्राची नोंदणी उघडली, तेव्हा जुन्या यादीवरून त्याचे नाव आपोआप पुढे आले होते. सत्राच्या आदल्या दिवशी त्याने केंद्राच्या दारातून डोके आत घातले. "मॅडम, उद्या माझे नाव काढाल का? त्याच वेळेला गाइड सरांनी बोलावलेय, शेवटचे प्रकरण घेऊन." मी यादी घेतली, त्याच्या नावावर रेघ मारली आणि खालची बेरीज एकाने कमी केली.