घटना तीच, मग अमेरिकेतील राज्यांचे अधिकार गेले कुठे?

आपण विचारले आहे की, अमेरिकेच्या राज्यघटनेत आजवर केवळ 27 दुरुस्त्या झाल्या असूनही तेथील संघ सरकार राज्यांच्या तुलनेत इतके प्रबळ कसे झाले आणि राज्यांच्या हाती आता खरोखर काही उरले आहे का. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: उरले आहे, पण ते घटनेच्या मजकुरात शोधून फारसे सापडत नाही.

आपण सवयीने ‘केंद्र’ म्हणतो. अमेरिकेबाबत मात्र हा शब्द थोडी दिशाभूल करतो, कारण तेथे राज्ये आधी अस्तित्वात होती आणि संघ त्यांनी नंतर घडवला. 1781 पासून लागू असलेल्या पहिल्या व्यवस्थेत काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला, कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागत असे आणि राज्ये जमेल तेवढे देत. ही ओढाताण संपवण्यासाठी 1787 मध्ये नवी घटना लिहिली गेली, आणि तिच्याविषयी धास्तावलेल्यांच्या समाधानासाठी 1791 मध्ये दहावी दुरुस्ती आली: संघाला न दिलेले आणि राज्यांना मनाई न केलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतील. या वाक्यातील एक अक्षरही आजवर बदललेले नाही. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धानंतर चौदाव्या दुरुस्तीने राज्यांवर नवी बंधने घातली, हे खरे. परंतु रोजच्या कारभारातील तोल सरकला तो प्रामुख्याने दोन वाटांनी, एक न्यायालयाच्या अर्थ लावण्यातून आणि दुसरी तिजोरीतून.

पहिली वाट समजून घ्यायला ओहायोतील रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याचा खटला पुरेसा आहे. गव्हाचे भाव सावरावेत म्हणून 1938 च्या कायद्याने प्रत्येक शेतकऱ्याला पेऱ्याची मर्यादा घातली होती. फिलबर्नच्या वाट्याला 11.1 एकर आले. त्याने 23 एकर पेरले. जादा निघालेल्या 239 बुशेल गव्हावर त्याला 117 डॉलर 11 सेंट दंड झाला. त्याचे म्हणणे असे की, हा गहू जनावरांना, घरी दळायला आणि बियाण्याला लागतो. काँग्रेसला अधिकार आहे तो राज्याराज्यांमधील व्यापारावर, आणि माझ्या गोठ्यातला गहू व्यापारात आलाच कुठे? 1942 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. जो शेतकरी घरचा गहू वापरतो तो बाजारातून तेवढा गहू घेत नाही, आणि असे हजारो शेतकरी एकत्र धरले तर देशभरच्या भावावर परिणाम होतो, असा तो युक्तिवाद होता. मला तो तर्क म्हणून चुकीचा वाटत नाही. अडचण एवढीच की तो कुठे थांबतो हे सांगता येत नाही. पुढे 1995 पर्यंत, म्हणजे शाळेजवळ बंदूक बाळगण्याविषयीच्या लोपेझ खटल्यापर्यंत, व्यापाराच्या कलमाची मर्यादा ओलांडली म्हणून काँग्रेसने खासगी व्यवहारावर घातलेले एकही बंधन न्यायालयाने रद्द केले नाही.

दुसरी वाट 1913 मध्ये, सोळाव्या दुरुस्तीने प्राप्तिकराचा मार्ग मोकळा केल्यावर, रुंद झाली. मद्यखरेदीचे वय ठरवणे हा राज्यांचा विषय होता, म्हणून 1984 मध्ये काँग्रेसने थेट आदेश न देता एवढेच सांगितले की, ज्या राज्यात हे वय 21 पेक्षा कमी असेल त्याच्या महामार्ग निधीतून 5 टक्के रोखले जातील. साउथ डकोटात 19 वर्षांच्या तरुणांना सौम्य बिअर घेता येत असे. ते राज्य न्यायालयात गेले, 1987 मध्ये हरले, आणि 1988 पर्यंत सर्व 50 राज्यांत वय 21 झाले. या डावपेचाला मर्यादा आहे हे 2012 मध्ये ठरले. मेडिकेड या आरोग्य योजनेचा विस्तार न करणाऱ्या राज्यांचा जुना निधीही थांबवण्याची धमकी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. साउथ डकोटाचे जे पैसे पणाला लागले होते ते त्या राज्याच्या अंदाजपत्रकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. मेडिकेडचा संघ निधी सरासरी राज्याच्या अंदाजपत्रकाच्या 10 टक्क्यांहून अधिक होता.

आता राज्यांकडे काय उरले, ते. त्यांच्याकडे माणसे उरली: पोलीस, तुरुंग, कारकून, परवाने देणारी कार्यालये. कायदा करायला काँग्रेस पुरेशी असते, पण तो गल्लीबोळांत राबवायला हात लागतात, आणि ते बहुतांशी राज्यांचे आहेत. या बचावाचा उगम गुलामगिरीच्या काळात आहे. पळालेल्या गुलामांना परत पाठवण्याचा संघ कायदा श्रेष्ठ आहे, पण तो राबवण्यास राज्यांच्या अधिकाऱ्यांना भाग पाडता येत नाही, असे 1842 च्या प्रिग खटल्यात म्हटले गेले. मॅसॅच्युसेट्सने लगेच पुढच्या वर्षी आपले अधिकारी आणि तुरुंग या कामासाठी वापरण्यास बंदी केली. त्यावर तोडगा म्हणून 1850 चा कडक कायदा आला आणि संघाने स्वतःचे आयुक्त नेमले. माणूस मालकाच्या हवाली केला तर आयुक्ताला 10 डॉलर, सोडून दिला तर 5 डॉलर शुल्क मिळे. राज्यांच्या हक्कांचा घोष करणारे दक्षिणेतले पुढारीच संघाच्या या बळाचे पुरस्कर्ते होते, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके वाटते. आजही ‘राज्यांचे हक्क’ हे शब्द ऐकले की, बोलणाऱ्याचा पक्ष वॉशिंग्टनमध्ये सत्तेत आहे की बाहेर, हे मी आधी पाहतो.

हेच तत्त्व 1997 च्या प्रिंट्झ खटल्यात स्पष्टपणे मांडले गेले: बंदूक घेणाऱ्यांची चौकशी करण्याचे काम काँग्रेसला स्थानिक शेरीफांवर, म्हणजे तेथील पोलीस प्रमुखांवर, लादता येत नाही. स्थलांतरितांना पकडण्याच्या कामी आपले पोलीस न देणारी राज्ये आणि शहरे याच निकालाचा आधार घेतात, आणि तीही बहुधा बंदूक नियंत्रणाच्या बाजूने असलेली.

दोन्ही बाजूंची ताकद एकाच ठिकाणी पाहायची तर ती गांजाच्या दुकानात दिसते. 2005 मध्ये, फिलबर्नच्याच निकालाचा आधार घेऊन, घरी औषधासाठी लावलेल्या गांजावरही संघाची बंदी चालते असे ठरले. तरी 2012 मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांच्या मतदारांनी प्रौढांसाठी गांजा खुला केला, कारण राज्याला तो गुन्हा मानायला कोणी भाग पाडू शकत नाही आणि प्रत्येक दुकानावर धाड घालण्याइतकी माणसे संघाकडे नाहीत. म्हणून दुकानाला राज्याचा परवाना मिळतो, पण बँका संघाच्या कायद्याला भिऊन त्याचे खाते उघडायला कचरतात. आणि प्राप्तिकर मात्र संघ सरकार वसूल करते, तोही 1982 च्या एका तरतुदीवर बोट ठेवून, वर्षानुवर्षे दुकानाचे भाडे आणि विक्रेत्यांचे पगार वजा करू न देता.