आयटीआय केलं तर डिग्रीचं दार बंद होतं का?

प्रश्न: ताई, मुलाला दहावीत ५४ टक्के पडले. त्याला तरसालीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन करायचंय, रोज तेच धरून बसलाय. सासरे म्हणतात आपल्या घरात आजवर कुणी पाना हातात धरला नाही, अकरावी सायन्सच घ्या. मलाही भीती वाटते की एकदा तिकडे गेला की पुढे डिग्री नाहीच. काय करू?
— एक आई, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: जाऊ द्या त्याला, अगदी मनापासून सांगते. आणि सासऱ्यांना संध्याकाळी फिरायला राजमहाल रोडवर कलाभवनपर्यंत घेऊन जा. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी ते काढलं ते मुलांना हातचं काम शिकवायलाच, सुतारकाम, कापड रंगवणं, यंत्रकाम, आणि आपले दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आज तिथे युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे.

आता डिग्रीचं. इलेक्ट्रिशियन २ वर्षांचा ट्रेड. तो झाला की आपल्या गुजरातमध्ये ज्याला सगळे सी टू डी (सर्टिफिकेटवरून डिप्लोमा) म्हणतात त्यातून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे आणखी २ वर्षं, मग डी टू डी (डिप्लोमावरून डिग्री) करून बीईच्या दुसऱ्या वर्षाला, ती ३ वर्षं. झाली ७. अकरावी-बारावी करून बीई केलं तर ६. एका वर्षाचा फरक, आणि हातात कसब असतं ते वेगळंच. बारावीचं सर्टिफिकेट लागलं तर एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शाळेच्या बोर्डातून एक भाषा धरून थोडे विषय देऊन तेही मिळतं.

पण गणित सोडू देऊ नका, हे मी चार वेळा लिहीन. माझ्या भाच्याने फिटर केलं आणि सी टू डीने गेला, तिथे बाकीची पोरं पहिल्या वर्षाचं गणित करून बसलेली आणि ह्याचं दोन वर्षांत सगळं विसरलेलं, पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. रोज अर्धा तास गणित चालू ठेवलं असतं तर इतकं जड गेलं नसतं.

आयटीआयमध्ये मात्र त्याचं बरं चाललं होतं. सुरुवातीचे तीन आठवडे नुसती कानस. तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, घासायचा, काटकोन तपासायचा गुण्या लावून ट्यूबलाइटसमोर धरून बघायचा, फटीतून उजेड दिसला की परत घासायचा. हाताला फोड, रोज रात्री आई हळद लावायची. मग एक दिवस उजेड दिसेना, तर तो तुकडा खिशात घालून घरी आला. त्या दसऱ्याला आजीने तो पूजेत मांडला.

नोकरीचं म्हणाल तर आयटीआयनंतर अॅप्रेंटिसशिप कराच. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याप्रमाणे कंपनी स्टायपेंड देते, मकरपुरा जीआयडीसी ही कारखान्यांची वसाहत जवळ आहे, कोयलीची रिफायनरी पण घेते. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला दहावी अधिक आयटीआय चालतं.

एक मात्र नीट बघा. आमच्या शेजारच्या मुलाने एका खासगी संस्थेत फी भरली, बोर्डावर मोठ्या अक्षरात मान्यताप्राप्त लिहिलेलं, वर्षभराने कळलं की त्या ट्रेडला मान्यताच नाही. पैसे गेले ते गेले, पोराचं वर्ष गेलं, अजून आठवलं की जीव जळतो. तेव्हा कुठेही फी भरण्याआधी स्पष्ट विचारा, शेवटी केंद्र सरकारचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट, ज्याला लोक अजून जुन्या सवयीने एनसीव्हीटीचं म्हणतात, ते मिळणार का.

प्रश्न: मुलगी बारावी कॉमर्स झाली. बी.व्होक (व्यवसाय शिक्षणाची डिग्री) घेतलं तर तिला पुढे स्पर्धा परीक्षा देता येतील का? — वाचक, वाडी

उत्तर: हो, येतील. यूजीसीने मान्य केलेली डिग्री आहे ती, ३ वर्षांची, जिथे कुठलाही ग्रॅज्युएट चालतो तिथे बी.व्होकही चालतं. मधेच सोडावं लागलं तर १ वर्षाला डिप्लोमा, २ वर्षांना अॅडव्हान्स्ड डिप्लोमा हातात पडतो, लग्नाची घाई असलेल्या घरातल्या मुलींसाठी हे मला फार मोलाचं वाटतं. पण सगळा कोर्स प्रॅक्टिकलवर उभा असतो, म्हणून कॉलेजात जाऊन विचारा की ट्रेनिंगला मुलींना नेमकं कुठे पाठवता, आणि त्यांना एकाही कंपनीचं नाव सांगता आलं नाही तर फॉर्म भरू नका.