कॉम्प्रेशन बरोबर आले म्हणून हेड गॅस्केट निर्दोष ठरत नाही

आपण लिहिले आहे की जुन्या पेट्रोल गाडीचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, सतत कमी होते, खाली थेंब दिसत नाही, आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजणीत बरोबर आल्यामुळे मेकॅनिकने हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधले सील) निर्दोष ठरवून नुसते टॉप-अप करत राहायला सांगितले आहे. हा सल्ला चुकीचा आहे. आमच्या दाजींनी हाच सल्ला मला अनेकदा ऐकवल्यामुळे उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

माझी गाडी दाजींच्याच ओळखीतून आली होती. नाशकात ती अगदी गुणी वागायची. मात्र मुंबईहून येताना कसारा घाट चढू लागली की तापमानाचा काटा वर सरकायचा, हीटर पूर्ण चालू केल्यावर खाली यायचा आणि इगतपुरी ओलांडल्यावर काही घडलेच नाही असे वाटायचे. दाजींनी आपल्या माणसाकडून कॉम्प्रेशन मोजून घेतले, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे आले आणि 'गॅस्केट ठणठणीत आहे, हा उगाच शंका काढतो' असा निकाल त्यांनी घरच्या सगळ्यांसमोर देऊन टाकला. वास्तविक स्टार्टरने इंजिन फिरवताना सिलिंडरमध्ये साधारण १० ते १३ बार दाब तयार होतो. घाटात इंजिनावर भार असताना ज्वलनाचा दाब त्याच्या कितीतरी पट असतो, शिवाय ॲल्युमिनियमचे हेड तापून प्रसरण पावलेले असते, त्यामुळे सिलिंडर आणि पाण्याचा मार्ग यांच्यामधली बारीक गळती त्या मोजणीत सहज निसटते.

मी नाशिकमधल्याच अंबडच्या एका मेकॅनिककडे गाडी नेली. इंजिन पूर्ण थंड असताना त्याने रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर छापलेल्या मर्यादेइतका, म्हणजे सुमारे १ बार, दाब भरला आणि रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी पंपाचा काटा उतरलेला होता आणि जमीन कोरडी होती. स्पार्क प्लग काढले तेव्हा बाकीच्यांवर नेहमीची तपकिरी छटा होती, दुसऱ्या सिलिंडरचा मात्र वाफेने धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ निघाला. स्टार्टर मारताच त्याच भोकातून हिरव्या कूलंटचा फवारा उडून बॉनेटच्या आतल्या बाजूवर पसरला. त्याचा व्हिडिओ मी दाजींना तिथूनच पाठवला. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.

आपणही हीच परीक्षा करून घ्यावी. जोडीला निळ्या द्रावणाची चाचणी आहे: चालू इंजिनाच्या रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली असता द्रावण पिवळे पडले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे. मात्र विक्रेत्याच्या किंवा मध्यस्थाच्या माणसाकडे यांपैकी काहीही करू नये, मग तो मध्यस्थ घरातला का असेना. हेड उघडावे लागलेच तर ते वाकले आहे का हे सरळपट्टीने तपासल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू देऊ नये. गळती बुजवणारी पावडर टाकण्याचा दाजींचा दुसरा सल्ला तर विचारातही घेऊ नये; तिने आधी रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्या बुजतात.

तरीही दाब उतरला आणि प्लग कोरडे निघाले, तर हीटर आत गळून पुढच्या सीटखालचे कार्पेट ओले आहे का आणि वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचे डाग आहेत का, हे पाहावे. नाशिकच्या थंडीत केवळ कॉलेज रोडपर्यंत फिरणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपखाली पांढरट साय जमते, ती बहुधा नुसत्या दमटपणाची असते, तेवढ्यावरून गॅस्केटला दोष देऊ नये. आणि रात्रभर दाब ठेवल्यावर प्लग काढल्याशिवाय स्टार्टर मुळीच मारू नये. सिलिंडरमध्ये साचलेले पाणी दबत नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.