कॅलिफोर्निया नेब्युलासाठी टेलिस्कोप नको, आधी कॅमेरा बघा

सोलापुरात विजापूर रोडच्या गच्चीवरून साध्या डीएसएलआरने, १३५ मिलिमीटरच्या लेन्सने दोन तास फ्रेम्स घेऊनही कॅलिफोर्निया नेब्युला (एनजीसी १४९९, ययाती तारकासमूहातला वायूचा ढग) नुसता राखाडी डाग येतोय म्हणून ८ इंची टेलिस्कोप घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. नका घेऊ. हा नेब्युला अडीच अंश लांब आहे, पौर्णिमेचे पाच चंद्र ओळीत बसतील, ८ इंचीत त्याचा एक तुकडाच येईल, आणि असल्या पसरट ऑब्जेक्टला टेलिस्कोपच्या आरशाच्या साइजपेक्षा एफ नंबर (जितका लहान तितका उजेड जास्त) कामाला येतो, तो तुमच्या लेन्सचा भारीच आहे की.

घोळ कॅमेऱ्याच्या आत आहे. ययातीतला हा सगळा लाल प्रकाश म्हणजे हायड्रोजन-अल्फा, हायड्रोजन वायूची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा, आणि सेन्सरवरचा कंपनीचा फिल्टर रोजच्या फोटोत रंग बरोबर यावेत म्हणून नेमका तिथलाच प्रकाश खातो, साधारण पाव भाग आत येतो. एखादी जुनी सेकंडहँड बॉडी घेऊन ती मॉडिफाय करून, म्हणजे तो फिल्टर काढून घ्या, चालू कॅमेऱ्याला हात लावू नका, नाहीतर घरच्या लग्नात सगळे लालभडक येतील.

मग ७ नॅनोमीटरच्या आसपासचा ड्युअल-बँड फिल्टर. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषा सोडून रस्त्यावरच्या एलईडीचा बराच उजेड अडतो. ३ नॅनोमीटरवाला घेऊ नका, एफ २ ला किरण तिरपे पडले की त्याचा पट्टा निळ्याकडे सरकतो आणि हायड्रोजनच कापला जातो. लेन्स २.८ नाहीतर ४ वर ठेवा, फ्रेम तीन ते पाच मिनिटांची.

आणि दोन तास कमीच आहेत हो. नॉइजच्या तुलनेत सिग्नल दुप्पट हवा तर वेळ चौपट लागतो, म्हणजे आठ तास, तेही एकाच ऑब्जेक्टवर, तीन-चार रात्री मिळून. नोव्हेंबरच्या शेवटी तो मध्यरात्रीच्या आसपास डोक्यावर, ७० अंशांवर असतो, तेव्हाच उरका. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात रात्रीपण सेन्सर तापतो, आणि तापमान दर ६ अंश वाढलं की डार्क करंट (अंधारातही सेन्सरमध्ये साचणारा खोटा सिग्नल) साधारण दुप्पट, शिवाय तोवर ययाती संध्याकाळीच मावळतीला लागलेला असतो. हा खोटा सिग्नल वजा करायच्या डार्क फ्रेम्स (लेन्सला झाकण लावून घेतलेल्या) त्याच रात्री, त्याच गारव्यात घ्या.

पोलर अलाइनमेंटचं (ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणाऱ्या माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावण्याचं) मात्र बघावं लागेल, ध्रुवतारा इथून क्षितिजाच्या वर साडेसतरा अंशांवरच, शेजारच्या अपार्टमेंटमागे सहज लपतो. दिसत नसेल तर ड्रिफ्ट पद्धतीने (तारा कुठे सरकतो ते बघत अक्ष सुधारत) करा, वेळ जातो पण जमतं. स्टॅकिंगला (सगळ्या फ्रेम्स एकत्र करायला) सिरिल हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे.