समुद्राकाठचे शिल्प : फायबर की पोलाद?

प्रश्न : आमच्या गावात किनाऱ्यापासून जेमतेम 200 मीटरवरच्या चौकात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या रापणकाराचे 15 फुटी शिल्प उभारण्याचे घाटत आहे. एक कारागीर आत लोखंडी पाइपचा सांगाडा घालून फायबरचे शिल्प करून देतो म्हणतो आणि फायबर गंजत नसल्यामुळे ते कायम टिकेल, अशी हमी देतो. दुसऱ्याचा संपूर्ण स्टेनलेस स्टीलचा आग्रह आहे, पण तो खर्च आम्हाला झेपणारा नाही. काय करावे?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : फायबर गंजत नाही हे खरे, पण शिल्पाचा भार पेलतो तो सांगाडा, आणि तो तर लोखंडाचा आहे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते, त्यामुळे आतले पाइप फुगू लागले की वरचे कवच आतून तडकते आणि हे ध्यानात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचेही असेच झाले होते. 1886 मध्ये उभ्या राहिलेल्या त्या पुतळ्याचा तांब्याचा पत्रा शाबूत होता, पण त्याला आतून धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या खाऱ्या दमट हवेत इतक्या फुगल्या की रिव्हेट उपटून निघाले. अखेर शताब्दीच्या दुरुस्तीत त्या काढून 316 एल या गंजाला अधिक दाद न देणाऱ्या जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. म्हणून फायबर जरूर निवडा, मात्र पैसे वाचवायचेच असतील तर ते सांगाड्यात वाचवू नका.

सांगाडा 316 स्टेनलेसचा करता आला तर उत्तम. 304 जातीचे स्टेनलेस स्वस्त पडते, पण त्यात खाऱ्या हवेला तोंड देणारा मॉलिब्डेनम हा धातू नसल्यामुळे खाऱ्या वाऱ्यापुढे ते लवकर डागाळते. तेही परवडत नसेल तर साध्या पोलादाचा सांगाडा, सगळे वेल्डिंग आणि भोके पाडणे संपल्यावरच, वितळलेल्या जस्तात बुडवून घ्यावा. पोकळ पाइपांना आधी हवा निघण्याची छिद्रे ठेवलीच पाहिजेत, नाहीतर भट्टीवर स्फोट होऊ शकतो. जस्त चढल्यानंतर केलेले वेल्डिंग त्या जागचे संरक्षण जाळून टाकते, आणि गंज नेमका तिथूनच शिरतो.

वाऱ्याचा हिशेब कारागिराच्या अंदाजावर सोडू नये. भारतीय मानकाप्रमाणे पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरतात. त्यातून दर चौरस मीटरला ढोबळमानाने 90 किलो दाब येतो. शिल्पाची वाऱ्याला सामोरी बाजू 6 चौरस मीटर भरली, तर आकार व उंचीचे गुणक बाजूला ठेवूनही अर्ध्या टनाहून अधिक धक्का घोट्याशी आणि चौथऱ्यातल्या अँकर बोल्टांवर येतो. हलके फायबर उलथण्यापासून स्वतःला वाचवू शकत नाही, म्हणून चौथऱ्याचा आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावा.

उन्हात फायबर पोलादाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. कवच सांगाड्याला सगळीकडे घट्ट चिकटवले तर सांधे उकलतात. मोजक्या जागी पक्के धरून बाकी ठिकाणी रबरी गादी घालावी. तळाशी पाणी निघायला छिद्रे हवीतच. ‘पूर्ण बंद केले आहे’ असे सांगणाऱ्या कारागिराकडून मी तरी काम करून घेणार नाही, कारण दमट हवा आत जातेच आणि तिचे पाणी होते. काचतंतूंना बांधून ठेवणारे रेझीन स्वस्तातल्या ‘ऑर्थो’ प्रतीचे नको, किमान पाण्याला अधिक टिकणाऱ्या ‘आयसो’ प्रतीचे मागावे. जेलकोटला, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थराला, उन्हाचा मारा सोसणारा रंग असावा. या बाबतीत फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांचा सल्ला घ्यायला संकोचू नका. खाऱ्या पाण्याशी त्यांचा रोजचा संबंध असतो.

प्रश्न : हे काम पावसाळ्यात उरकता येईल का?
– तेच वाचक

उत्तर : अर्धेच. ओलसर झालेल्या काचतंतूंच्या मॅटला रेझीन नीट धरत नाही आणि दमट हवेत थर चिकट राहतात. मातीचे मूळ शिल्प व साचे छपराखाली पावसात करून घ्यावेत, आणि फायबरचे थर चढवण्याचे काम दिवाळीनंतर सुरू करावे.