'सिक्रसी'ला मराठीत गुप्तता म्हणायचं की गोपनीयता?

दोन्ही बरोबर आहेत, पण सरसकट एकाच्या जागी दुसरा चालत नाही: माहिती प्रत्यक्षात लपवून ठेवली असेल तर गुप्तता आणि ती बाहेर जाऊ न देणं हे कुणाचं तरी कर्तव्य असेल तर गोपनीयता. दोन्ही शब्द संस्कृत 'गुप्' म्हणजे राखणे, रक्षण करणे या धातूवरून आलेत, गुप्त म्हणजे राखलेलं, झाकलेलं आणि गोपनीय म्हणजे राखायला हवं असं, हा 'हवं'वाला अर्थ त्या 'अनीय' प्रत्ययातून येतो (वंदनीय, पूजनीयसारखाच) आणि सगळा फरक तिथेच आहे. म्हणून 'छाप्याबाबत पोलिसांनी कमालीची गुप्तता पाळली', पण मंत्री शपथ घेतात ती 'पद आणि गोपनीयतेची'. त्या शपथेचा नमुना राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, मंत्री म्हणून समजलेली गोष्ट कामासाठी गरज असल्याशिवाय कुणाला सांगणार नाही असं वचन त्यात असतं. साध्या खासदाराच्या शपथेत हा भाग नसतो, त्यामुळे 'खासदारांनी गोपनीयतेची शपथ घेतली' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ते चूक समजा.

फक्त एक लक्षात ठेवा, हल्ली अ‍ॅप आणि वेबसाइटवर 'गोपनीयता धोरण' लिहितात तिथे मूळ शब्द प्रायव्हसी असतो, सिक्रसी नाही. तिथे मला खासगीपणा जास्त नेमका वाटतो, पण गोपनीयता आता रुळलाय. आणि कुणी मुद्दाम काही दडवतंय असं म्हणायचं असेल तर सरळ लपवाछपवी लिहा.