गवत पचेल किती, ते कसं ओळखायचं
भावा, चाऱ्याच्या लॅब रिपोर्टमध्ये नुसतं प्रोटीन बघून खूश होऊ नकोस, आधी एडीएफ, म्हणजे पचायला जड तंतूंचा टक्का, बघ. 88.9 मधून एडीएफच्या टक्क्याची 0.779 पट वजा कर, म्हणजे एडीएफ 40 असेल तर पचणारा भाग कोरड्या वजनाच्या साधारण 58 टक्के येतो, अर्थात अंदाजच हा. टिली आणि टेरी या शास्त्रज्ञांची 1963 ची टेस्ट जास्त भरवशाची, चारा 48 तास रुमेनच्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा मोठा कप्पा) रसात मग 48 तास पेप्सिन (प्रोटीन पचवणारं एन्झाइम) आणि ॲसिडमध्ये, पण ते लॅबचं काम. तू आपली काडी दाबून बघ, बोटांत चेपतच नाही, वर तुरे आलेत, पानं कमी, म्हणजे लिग्निन (काडी कडक करणारा, न पचणारा भाग) वाढलंय, कापायला उशीर केलास. आणि हो, सॅम्पल एकाच पेंढीतून घेऊ नकोस, मी घेतलं होतं, आकडा पार फसवा आला!